चिमणाबाईचा पिवळा बल्ब

गंगापूर रोड, नाशिक
१४ जानेवारी

चि. संध्या,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. थंडीत तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, मी तोंडाने कुरकुरतो. घर बोलतं आहे. तुझे सात फोन घेतले नाहीत. फोनवर तू ‘दादा’ म्हणालीस की मी कशालाही हो म्हणतो. या नोकरीलाही तसंच म्हणालो होतो.

नोकरीबद्दल तक्रार नाही. शाळेतला संस्कृतचा तास बंद झाल्यावर मला कोणी दारात उभं केलं नसतं. तू पाड्यापाड्यांवर एलईडी वाटायला उभं केलंस. साठ वॅटचा पिवळा बल्ब घ्यायचा, नऊ वॅटचा पांढरा द्यायचा. तेवढी वीज वाचली, तेवढा कोळसा जळला नाही, तेवढा धूर झाला नाही. मग त्या न झालेल्या धुराचं कार्बन क्रेडिट परदेशातली एखादी विमान कंपनी विकत घेणार, स्वतःच्या झालेल्या धुराची भरपाई म्हणून. आपल्या जुन्या वैशेषिक तत्त्वज्ञांनी अभावालाही, म्हणजे नसण्यालाही, पदार्थ मानलं होतं. तो विकता येतो, हे त्या बिचाऱ्यांना सुचलं नाही. त्याला तुझ्यासारखी एमबीए बहीण लागते.

गेल्या महिन्यात घोटीपलीकडच्या पाड्यावर तपासणीला गेलो. एकतीस घरं, एकतीस पांढरे दिवे, सगळे चालू. तुझ्या रिपोर्टसाठी सोन्यासारखा पाडा. फक्त पहिल्याच घरी, चिमणाबाईच्या ओट्यावर कोंबडीच्या पिलांचं डालगं उपडं पडलेलं, आत काही नाही.

“पिलं कुठायत?” मी विचारलं.

“थंडीनं गेली. बावीस व्हती.”

मग कळलं, थंडीत पिवळा बल्ब वायरीने खाली सोडून डालग्यात टांगायचे. घरालाही उजेड, पिलांनाही ऊब. आपला दिवा गारच.

“तुमचा उजेड लय हाय, गुरुजी,” ती म्हणाली. “पन पिलांना काय वाचायचंय?”

मी हसलो. ती हसली नाही.

एकोणीस घरांत हेच. मी भद्रकालीतल्या एका जुन्या दुकानातून एकोणीस पिवळे बल्ब आणले आणि नेऊन दिले. आता डालग्यात पिवळा, घरात पांढरा. म्हणजे पूर्वीपेक्षा नऊ वॅट जास्तच. पृथ्वी वाचवायला निघालेल्या इसमाची ही कमाई.

इथवर तुला आपल्याच कंपनीच्या माणसांकडून कळलंच असेल, म्हणून तर सात फोन. ‘जुना दिवा पुन्हा वापरात?’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहावं, एवढंच तुझं मागणं. हा तुझा पहिला स्वतःचा प्रकल्प, हे मला ठाऊक आहे. एका पाड्यावर शंका आली की क्रेडिट मंजूर करणारे बाकीचे चाळीस पाडे पुन्हा तपासतील, हेही.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. जुना बल्ब मालकासमोर गोणपाटात घालून फोडायचा आणि फोटो काढायचा, असा आपला नियम. नोव्हेंबरात मी हातोडी उचलली तेव्हा चिमणाबाई म्हणाली होती, “येक ऱ्हाऊ द्या, पिलांना लागंल.” मी ऐकलं, संध्या. नीट ऐकलं. पुढे तीस घरं होती, ऊन चढत होतं, आणि नियम म्हणजे नियम. फोडला. फॉर्मवर लिहिलं, ‘लाभार्थी समाधानी.’ तीस वर्षं मुलांना सत्यं वद शिकवून हे असं.

दमलोय गं. चालून नाही.

आज सकाळी एकोणीस घरांपुढे ‘हो’ लिहून फॉर्म पाठवला. हे पत्र त्यानंतर लिहायला बसलो, मुद्दामच. आधी लिहिलं असतं तर तू अडवलं असतंस आणि मी अडलो असतो. तुझं जे नुकसान होईल ते माझ्यामुळे, हे तुझ्या साहेबांना माझं नाव घेऊन सांग. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. संक्रांतीचे लाडू वहिनी पाठवतेच आहे, त्यांचा माझ्याशी संबंध नाही.

कंपनीचं ओळखपत्र याच पाकिटात आहे. त्यावरचा फोटो बरा आलाय. काढून आईला दे.

तुझा, रागावलीस तरी तुझाच,
प्रफुल्लदादा