उजवीकडून उघडलेलं जर्मन पुस्तक

भालकी, शुक्रवार, दिवेलागण

शाळेला सुट्टी होती. जर्मन कादंबरीचं एक पान आज जर्मनमधूनच वाचलं. शब्दकोश उलटण्यात दिवस गेला, पण वाचलं! नायिका बग्गीत बसून निघून जाते. सुरुवात झकास, म्हणून पान उलटलं, तर पुढं नुसता पुठ्ठा. इतकी वर्षं उर्दू शिकवायलोय, हात सवयीनं उजव्या बाजूनंच पुस्तक उघडतो. म्हणजे मी शेवटच आधी वाचला!

अक्का पोट धरून हसली. "बाई गेली की रे बग्गीत. आता कामून वाचायलास?"

शेजारचे वकील इंग्रजी भाषांतर द्यायलेत. न्हाई, नको. ती बग्गीत बसली हे मला तिच्याच भाषेत कळलंय. का बसली, तेही तिच्याच तोंडून ऐकणार.