शेवंतानं पट्टा थांबवला

४ नोव्हेंबर, मंगळ.
सुरक्षेचा धडा परत नापास. मोबाईलवर पाठवलेला व्हिडिओ बहुतेक बायकांनी सुरुवातीलाच बंद केलेला. पोती शिवणारी रंजना तोंडावर बोलते, तिला विचारलं. "पाह्यला ना मॅडम. एक बाई पुस्तकावानी बोलून राहिली होती. झोप आली मले." ती बाई म्हणजे मी. नवऱ्याला सांगितलं तर इतका हसला की चहा सांडला.
शहापूरजवळच्या या राईस मिलमध्ये ट्रेनिंगचं काम घेतलं तेव्हा वाटलं होतं, शाळेत शिकवायचे तसंच शिकवायचं. पण शाळेत मी गोष्टी सांगायचे. इथं आल्यापासून नियम वाचून दाखवते. काहून?

७ नोव्हें.
मोबाईलवर ऐकवायची गोष्ट लिहिली. शेवंता, सानगडीची पोर, लग्न होऊन इकडे आलेली, मिलमध्ये नवीन. कोंड्याच्या धुळीनं खोकते, पण तोंडाला फडकं बांधायला लाजते. बाकीच्या हसतील म्हणून. इथंच थांबायचं. मग प्रश्न: तुम्ही शेजारी असता तर तिला काय म्हटलं असतं? उत्तर आवाजातच पाठवा.
आवाज माझा नको. इंदूबाईंना विचारलं. त्या पटांगणात वाळत घातलेलं धान फिरवतात. तरुणपणी मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, नाटकांत काम करायच्या. "आता कोण ऐकते जी माहा आवाज?" म्हणाल्या, आणि पदर खोचून लगेच येऊन बसल्या. गोदामात, बारदान्याच्या, रिकाम्या पोत्यांच्या थप्प्यांच्या आड. तिथं आवाज घुमत नाही.

१२ नोव्हें.
उत्तरं येतायत! चूल पेटवताना, ऑटोत बसून, एकीच्या मागे बकरी ओरडतेय. "शेवंते, हसू दे ना वं. खोकून खोकून पडशीन तवा कोण येते हसाले?" आज पॅकिंगमध्ये गेले तर जिकडेतिकडे तोंडाला फडकी. रंगीबेरंगी.
रंजनानं वाटेत अडवलं. "शेवंताचा नवरा कसा हाय जी? चांगला दाखवजा त्याले."
बरं. चांगला दाखवीन.

१८ नोव्हें.
लांजेवार सर, आमचे मॅनेजर, खूष. पुढचा धडा मशीनच्या फिरत्या पट्ट्याचा. सर म्हणाले, "तिचा पदर अडकू द्या. हात गेला पाहिजे. भीती बसल्याशिवाय लक्षात राहत नाही."
तसा लिहिला. इंदूबाई वाचत वाचत किंकाळीपाशी आल्या आणि थांबल्या. कागद मांडीवर. "माही धाकटी बहीण... तिकडं, दुसऱ्या मिलमध्ये..." कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "तो आवाज मले येते मॅडम. पण मी काढत नाई."
त्यांचा हात धरून बसले. बाहेर ट्रक भरणं चालू होतं. आज रेकॉर्डिंग नाही.
नुसतं घाबरवून तरी काय? घाबरलेल्या बाईच्या हातात मी काय देतेय?

१९ नोव्हें.
बदललं. आता पदर अडकतो शेजारणीचा. शेवंताला दिसतं. मुकादम लांब. ती लाल बटण दाबते, पट्टा थांबतो. मुकादम ओरडत येतो. शेवंता म्हणते, "आधी बाई, मंग पट्टा."
इंदूबाईंनी हे अगदी हळू म्हटलं. लेकराला निजवताना बोलावं तसं. मला वाटलं होतं ठणकावतील. हेच बरोबर आहे.
सरांनी फोनवर बोलता बोलता ऐकलं. "ठीक आहे, पाठवा."

२६ नोव्हें.
खरंच घडलं.
पूनमची, नव्या पोरीची, ओढणी पट्ट्यात गेली. रंजना पोतं टाकून धावली, बटण दाबलं. ओढणी फाटली. पूनमला काही नाही, देवाची कृपा. पण मशीनमध्ये दाणा तुंबला, परत सुरू व्हायला दुपार उलटली, उभा ट्रक रिकामा परत गेला. नामदेवभाऊ, मुकादम, सगळ्यांसमोर ओरडले, "एवढ्याशा ओढणीसाठी पुरी मिल बंद?" रंजना म्हणाली, "आधी बाई, मंग पट्टा."
संध्याकाळी तिला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको, बोलावू तेव्हा ये.
सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही ट्रेनिंग देता का बंड शिकवता?" धडा ऐकून 'पाठवा' त्यांनीच तर म्हटलेलं...


२८ नोव्हें.
स्कूटीनं रंजनाच्या घरी. वाटेत धान चुरणाऱ्या मळणीयंत्रांचा आवाज, सगळीकडे तणसाचे ढीग. काय बोलायचं ते मनात जुळवत गेले होते, तिनं बोलूच दिलं नाही. चहा ठेवला.
"तुमच्यानं नाई झालं जी. पूनम माह्या पोरीच्या वयाची. गोष्ट नसती ऐकली तरी मी धावलीच असती. पण मंग बटण नसतं सुचलं. हातच घातला असता."
हातच घातला असता.
निघताना फाटकाशी आली. "पुढं काय होते? शेवंताले ठेवतात का कामावर?"
म्हटलं, लिहिलं नाही अजून.
"लिहा ना मंग. आम्ही वाट पाहून राहिलो."

२ डिसेंबर
सरांचं म्हणणं: बटण काढा, त्याजागी 'मुकादमाला कळवा' असं घाला. मग रंजनाला परत घ्यायचं पाहू.
घालून पाहिलं. शेवंता पट्ट्यापासून मुकादमाकडे पळतेय, आणि मागे ती शेजारीण... नाही. खोडलं.
बराच वेळ कोऱ्या कागदापुढे. मग लक्षात आलं, माझ्या गोष्टीत मुकादम फक्त ओरडतो. त्याच्यासाठी धडा कधी लिहिलाच नाही. तो कोणाला घाबरतो, ट्रक परत गेला की त्याला काय ऐकावं लागतं, कधी विचारलं नाही. लिहायला घेतलं तसा त्याचा रागच येईना.
नवा धडा: मुकादम धावत येतो. ओरडायला तोंड उघडतो. फाटका पदर दिसतो. आता तो काय म्हणेल?

५ डिसें.
नामदेवभाऊंना विचारलं. झटकून टाकतील वाटलं होतं. आले. चष्मा घरी राहिला म्हणाले, तर इंदूबाईंनी सगळं वाचून दाखवलं. बारदान्याच्या आड आम्ही तिघं, दाटीवाटीनं.
त्यांचं वाक्य एवढंच: "बरं केलं, बाई."
पहिल्यांदा हुकूम सोडल्यासारखं निघालं. इंदूबाई म्हणाल्या, "भाऊ, घरी पोरीले म्हणता तसं म्हणा ना." परत. परत एकदा. मग खाली पाहून, जरा अडखळत म्हणाले. झालं. इंदूबाईंनी डोळे पुसले.
नामदेवभाऊ उठले नाहीत. "मॅडम, हे माह्या आवाजात सगळ्यायच्या मोबाईलवर गेलं, त मले तसंच वागा लागन."
म्हटलं, हो भाऊ.
फडक्यानं तोंड पुसलं. फडकं खांद्यावर टाकत म्हणाले, "पाठवा."

८ डिसें., सोम.
शनिवारीच सरांना दोन्ही धडे पाठवलेत. बटणाचा होता तसाच, आणि मुकादमाचा नवा. ऐकलेले दिसतायत. उत्तर नाही. सकाळी नामदेवभाऊंना केबिनमध्ये बोलावलं होतं. दार लावलेलं. बाहेर आले ते माझ्याकडे न बघता सरळ पट्ट्याकडे गेले. मग तिथून वळून पाहिलं. काय समजायचं?
दुपारी रंजनाचा फोन.
"मॅडम, उद्या कामावर येऊ का?"
पटांगणात इंदूबाई धान फिरवत होत्या. त्यांच्याकडे बघत उभी राहिले थोडी.
"ये," म्हटलं.
सरांना अजून सांगायचंय.