घरट्यावरचं पान

शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७, नेपरव्हिल

आज सुलभाकाकूंकडे शिरीषने आमच्या पक्षीनिरीक्षण क्लबच्या इक्वेडोर ट्रिपच्या स्लाइड्स दाखवल्या. जानेवारीत याच्याशी माझा साखरपुडा आहे. धुक्यातलं जंगल, निळे-जांभळे हमिंगबर्ड, शेवटी घरट्यात बसलेली मादी. टाळ्या पडल्या. पण मीही तिथे होते; त्या घरट्यावर एक रुंद पान होतं, पाऊस अडवणारं. स्लाइडमध्ये ते नव्हतं.

"पान कुठे गेलं?" मी विचारलं.

"कापलं. फोकसच मिळत नव्हता, यार."

"जाऊ दे गं," काकू म्हणाल्या. "किती क्लिअर आलाय फोटो! पुढच्या वर्षी जोडीनं जा."

तिथे रोज दुपारी पाऊस पडायचा. फोटो काढल्याच्या दुसऱ्या दिवशी घरटं चिंब भिजलेलं, रिकामं होतं. सापाने अंडी खाल्ली, असं यानेच मला सांगितलं. खालीच कापलेलं पान पडलं असेल. मी बघितलं कसं नाही? विश्वास होता म्हणून?

निघताना त्याला पार्किंगमध्ये सांगितलं, साखरपुडा होणार नाही.

"एका पानासाठी?"

"माझ्याशी खोटं बोललास म्हणून."

तो हसला. "बरं, त्या स्लाइडची कॉपी तरी हवी का तुला?"

त्याला खरंच वाटत होतं की मला ती हवी असेल. मी गाडीची काच वर केली.