जवसाच्या तेलावर करडी

बाबूजी, तुमची जर्मन गाडी अजून मिलच्या शेडमध्येच उभी आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. माझी आणि आईची खुशाली मागाहून. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र होती तशीच तेज आहे. तेल काढायचा मोठा एक्सपेलर मी काढून टाकला आणि त्या जागी लाकडी घाणी बसवली. तुम्ही हसाल, पण ज्या जवसाच्या तेलाला शहरातले लोक नाक मुरडायचे तेच तेल आता नागपूरचे डॉक्टर खायला सांगतात, आणि लोक भंडाऱ्यापर्यंत येऊन त्याच्या लहान लहान बाटल्या जपून घेऊन जातात. तुम्ही हे तेल डब्यांनी विकलंत आणि एकदा तर गाडीलाही पाजलंत. त्या दिवसाबद्दल तुम्ही गेल्यावरही आपल्या घरात कोणी मोकळेपणी बोलत नव्हतं. आज बोलावं म्हणते.

गाडी घरी आली तेव्हा मी शाळेत होते. नागपूरच्या कोण्या कंत्राटदारानं विकायला काढलेली, साईच्या रंगाची, लांबलचक. आपल्या गल्लीत ती वळेना, तेव्हा शेजारच्या पितळी भांड्यांच्या दुकानदारानं बाहेर मांडलेले हंडे-गुंड उचलून आत नेले आणि तुम्ही खिडकीतून मान काढून "अजून थोडं, अजून थोडं" करत ती आत घेतलीत. मग गल्लीतल्या प्रत्येकाला तुम्ही दार लावून पाहायला लावलंत. दार जोरात आपटायचं नाही, नुसतं सोडायचं. ते आपल्या वजनानं जाऊन 'धप्प' असं बसायचं. तुम्ही ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहायचा. कोणी विचारलं, कशी आहे गाडी, की तुमचं उत्तर ठरलेलं असे, "उठाले आळशी, पन थकाले त्याहून आळशी." ते खरंच होतं. किल्ली फिरवली की आधी एक दिवा लागायचा, तो विझेपर्यंत हात जोडून बसायचं, मग इंजिन खडखडत जागं व्हायचं. स्टिअरिंग परातीएवढं, क्लच असा की पोटरीत गोळा यावा, उन्हाळ्यात आत नुसती भट्टी. पण एकदा रस्त्याला लागली की खड्ड्यांची दाद-फिर्याद आपल्यापर्यंत पोचायचीच नाही. आता मीही ती चालवते, म्हणून सांगते, तुम्ही एका शब्दानंही वाढवून सांगत नव्हता.

गाडीपेक्षा तुम्हाला तिच्या गोष्टींचं वेड जास्त. मिलवर तीळ घेऊन आलेला माणूस तेल निघेपर्यंत तुमच्या तावडीत सापडायचा. या कंपनीच्या गाड्यांना एका व्यापाऱ्याच्या लहान मुलीचं नाव दिलं आहे, हे तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायचा, जणू ते नाव माझंच आहे. नाकावरच्या चांदणीचे तीन कोन म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश, तिन्हीकडे यांचीच इंजिनं. ती चांदणी नागपूरच्या बाजारात कोणीतरी मोडून नेली, तेव्हा तुम्ही शेजाऱ्याकडून पितळेची ओतून घेतलीत. ती मूळच्याहून जड आहे आणि जरा डावीकडे कलते. आई एकदा आतून म्हणाली होती, "पान्यावर अन् आकाशात मंग चालवा. आधी जमिनीवर तं चालू द्या." तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. आणि सगळ्यांत लाडकी गोष्ट म्हणजे ज्या माणसाच्या नावानं आपण डिझेल म्हणतो त्याचं इंजिन पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं, ती. तेलाच्या व्यापाऱ्याच्या हाती अशी गोष्ट पडायलाच नको होती.

करडी हे आईचं माहेर. तिथले दोन्ही मामा धानाचे मोठे शेतकरी, आणि तुमची चेष्टा करायला टपलेले. जावई तेलकट, गाडी जर्मन, असं काहीबाही बोलत. त्यांच्याच शेतांतला, धानाच्या बांध्यांतला जवस आपल्या मिलवर आला होता. त्याची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, त्यांच्या बैलांसाठी परत गेली होती. तुम्ही भर ओसरीत जाहीर करून बसलात, "ह्या मंडईले तुमची बहीन तुमच्याच जवसाच्या तेलावर माहेरी येईन." दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर फुटायला येतं; करडीची मंडई म्हणजे आईचा वर्षाचा सण. तुम्ही आठ-पंधरा दिवस आधीच डिझेलमध्ये जवसाचं तेल मिसळायला लागलात. गाडी निघाली की गल्लीत भजी तळल्याचा वास यायचा आणि पोरं मागे धावायची. शेजारचे भांडेवाले काका म्हणाले होते, "अहो, जवसाचं तेल दाराच्या चौकटीले लावतो आपन. वाळते अन् चिकटते ते." तुम्हाला हे माहीत नव्हतं का? तुमचा जन्म तेलात गेला होता. पण हौसेपुढे शहाणपण उभं राहत नाही. मंडईच्या दिवशी तर तुम्ही डिझेल जवळजवळ घातलंच नाहीत.

त्या सकाळी थंडी होती. आईनं जांभळं लुगडं नेसलं आहे, मी मागे टोपल्यांमध्ये दाटून बसले आहे, तुम्ही गाणं गुणगुणत वैनगंगेचा पूल ओलांडता आहात. करडी हाकेच्या अंतरावर आली आणि गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा थांबली. तुम्ही बॉनेट उघडून कोपरापर्यंत हात काळे केलेत. रस्त्यानं मंडईला जाणारी अख्खी पंचक्रोशी आम्हाला पाहून पुढे जात होती. शेवटी मामांना निरोप गेला आणि ते बैलजोडी घेऊन आले. दोर बांधला. थोरल्या मामांनी स्टिअरिंग धरलं, तुम्ही बैलांबरोबर पुढे चालायला लागलात, आई काचा लावून पुढच्या सीटवर तशीच ताठ. गावात शिरताना धाकटे मामा ओरडून म्हणाले, "जवसाची ढेप बैलायले चारली, तेल गाडीले पाजलं. आता पाहा, कोन कोनाले ओढून राह्यलं!" मंडई हसली. तुम्हीही हसलात, बाबूजी. तेच चुकलं. आईनं ते काचेतून पाहिलं.

रात्री घरी आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, "हे गाडी आपल्या पायानं माह्या माहेरी जाईन तवा मी बसन. तवरीक नाई." तुम्ही सगळं तेल काढलंत, टाकी धुतलीत, चिकट झालेला पंप नागपूरहून साफ करून आणलात. गाडी पुन्हा छान चालायला लागली. पण तुम्हीही तुमच्या मातीचे. म्हणालात, ती बसल्याशिवाय मी गाडी करडीला नेणार नाही. आधी गाडी की आधी बायको, यावर तुमचं घोडं जे अडलं ते अडलंच. आई एसटीनं माहेरी जात राहिली आणि तुम्ही तिला स्टँडवर सोडायला पायी. जाताना पिशवी तुम्ही धरायचा आणि दोघं वाटेत चांगलं बोलायचात, म्हणून मला कोडं पडायचं की हे भांडण आहे तरी कुठे. मग तुम्ही गेलात. गाडीवर ताडपत्री पडली.

यंदा गाडीच्या नोंदणीचा कागद संपत आला. जुन्या गाडीला तपासणीत पास व्हावं लागतं, नाहीतर भंगारवाला घेऊन जातो. भंगारवाला येऊन बघूनही गेला. पितळी चांदणीला हात लावून "हे वरचं वेगळं काढून देजा" म्हणाला, तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खरं सांगायचं तर मलाही प्रश्न होता, कुणासाठी ठेवू? जिच्यासाठी तुम्ही तो सगळा खटाटोप केलात तीच जर बसणार नसेल तर लोखंड सांभाळण्यात काय अर्थ? मी ठरवलं, गाडी दुरुस्त करायची, आईला एकदा विचारायचं. नाही म्हणाली तर चांदणी काढून घ्यायची आणि बाकी देऊन टाकायची. गॅरेजचा मिस्त्री महिनाभर कुरकुरत होता. "ताई, ह्याच्या किमतीत नवी येते ना जी," हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मीच त्याला चहा पाजून गप्प बसवलं. रबराच्या नळ्या बदलल्या, ब्रेक झाले, आणि एका दुपारी ती खडखडत जागी झाली. मी शेडच्या दाराशी उभी राहून रडले. मिस्त्रीनं सभ्यपणे पाठ फिरवली.

आई स्वयंपाकघरात जवसाच्या चटणीसाठी जवस भाजत होती. मी म्हटलं, "आई, गाडी चालू झाली. चाल ना एकदा."

"मले नाई जमत. माहा शब्द हाये."

मी पाटावर तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "तुले ते जर्मन बाईची गोष्ट सांगू? बाबूजी सांगत होते." ज्यानं सगळ्यांत पहिली मोटार बांधली, त्याची ही बायको, त्याचीच कंपनी पुढे आपल्या गाडीच्या कंपनीत मिळाली. नवरा हुशार पण भित्रा, गाडी गल्लीबाहेर काढेना. लोक हसत होते. तेव्हा ती एका सकाळी नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन गाडीतून निघाली. वाटेत तेल संपलं, तर औषधाच्या दुकानातून कपड्याचे डाग काढायचं पाणी घेऊन टाकीत ओतलं. नळी तुंबली, तर टोपीतली पिन काढून साफ केली. चढावर पोरांनी ढकललं. ब्रेक झिजला तर मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. जगात त्याआधी कोणी एवढ्या लांब मोटार नेली नव्हती.

आईचा हात थांबला. "अन् गेली कुठी ते?"

"माहेरी. मायकडे."

जवस करपायला लागला तेव्हा मीच तवा उतरवला. आईनं करपलेले दाणे वेचून बाजूला काढले. मग म्हणाली, "हे त्यायले माहीत होतं? मले कधी काहून नाई सांगतलं?"

"तू गाडीतच नाई बसली, तं सांगतीन कुठी? म्हनत, करडीच्या रस्त्यानं सांगीन एक दिवस."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि एकदम भांडायच्या आवाजात म्हणाली, "ते बाई नवऱ्याले न इचारता गेली, अन् मी गाडीची वाट पाह्यत बसली! येडी ना मी!" मी म्हटलं, मंडईच्या दिवशी जाऊ, सगळे पाहतील. तर म्हणे, "कोनाले दाखवाले नाई जाचं. मायच्या घरी जाचं हाये. परवा चाल."

परवा म्हणजे साधा मंगळवार. ती पुढे बसली, मांडीवर चटणीचा डबा. मी दार सोडलं, धप्प झालं, आणि ती चमकून माझ्याकडे पाहायला लागली. दिवा विझेपर्यंत आम्ही दोघी हात जोडून बसलो. शेजारच्या दुकानातून आता भांडेवाल्या काकांचा नातू बाहेर आला, त्यानं हंडे आत घेतले. पूल गेला. धान कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोरी डाळीचं पीक हिरवंगार होतं. गाडी जरा अडखळली असती तर तुमचं दोघांचं अडलेलं घोडं माझ्या जन्मात पुन्हा हललं नसतं, असं मला वाटत होतं. आई मात्र खिडकी उघडून वाऱ्यावर बसली होती. "हळू चालव," म्हणाली, "लौकर पोचून काय कराचं हाये."

गाडी मामांच्या दारात जाऊन थांबली. थोरले मामा आता नाहीत. धाकटे बाहेरच्या सपरीत, पडवीत खाटेवर होते, काठी टेकत उठले. "बैल कुठी सोडले, बाई?" जुनी खोड, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आई दार उघडून खाली उतरली, गुडघ्यांची तक्रार न करता, आणि म्हणाली, "बैल नाई लागले दादा. मले ह्यायनं आनलं." मामांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढला नाही. "जवई पक्का मानूस होता," एवढंच बोलले. मग आम्ही चटणी-भाकरी खाल्ली. परत येताना आईनं दिघोरीच्या मावसबहिणीचा विषय काढला. तिच्याकडेही जायचं म्हणे, तपासणी झाली की लगेच. भंगारवाल्याला मी फोन करून नको म्हटलं आहे.

आता राहिलं ते सांगते. जर्मन बाईची ती गोष्ट तुम्ही मला कधीच सांगितली नव्हती. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये बसून मी ती मोबाइलवर वाचली. तुम्हाला ती ठाऊक होती की नाही, हे मला माहीत नाही. "बाबूजी सांगत होते" हे तोंडातून सहज निघालं, आणि आईचा चेहरा पाहिल्यावर मला ते मागे घेववेना. उलट मीच त्यात करडीच्या रस्त्याची भर घातली. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमचे हे सांगत होते म्हणून. त्यामुळे हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवता येत नाही. फोटो रोज तीच पुसते. तुमच्यासमोर वाचून झालं की फाडून टाकीन. आई अजून पुष्कळ वर्षं इथंच आहे, दिघोरी व्हायची आहे, मंडया व्हायच्या आहेत. पण कधीतरी ती तिकडे येईल आणि आल्या आल्या तुम्हाला त्या गोष्टीचं विचारेल. तेव्हा, बाबूजी, माझ्यासाठी एवढं करा. हो म्हणा.