आईच्या सीडीबद्दल

मुतारे,
सोमवार, ३ जून २०२४

प्रिय नेत्साई,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही सगळे जोबर्गला बरे असाल असं धरून चालतो, कारण विचारायची दुसरी सोय तू ठेवली नाहीस. फोनवर तू मला बंद केलंस त्याला येत्या ऑगस्टात वर्ष होईल. म्हणून हे कागदावर लिहून बसवाल्या गोरेमुसांदूंच्या हाती देत आहे. ते म्हणाले, "मास्तर, भावाबहिणींत पोस्टमन व्हायची माझी ही पहिली खेप नाही." मी झेरॉक्स काढतो, टायपिंग करतो, लोकांना गाणी भरून देतो. त्यात मास्तर कुठून आला ते त्यांनाच ठाऊक.

यंदा पाऊस झालाच नाही. मका जानेवारीतच करपला. मारांगेला आईच्या शेतात ज्वारी पेरली होती, तिच्यात दाणा भरला नाही. तुझ्या वहिनीचा गुडघा अजून धरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

आता मुद्द्याचं. गाणी का वाजली नाहीत ते मला कळलं आहे.

तू आईच्या मातीला येऊ शकली नाहीस, कागदपत्रं अडकली होती, म्हणून गेल्या वर्षी तिकडच्या चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना ठेवलीस. चाळीस माणसांसमोर मी पाठवलेला पेन ड्राइव्ह मशीनला लावलास आणि आईने चर्चच्या गायन मंडळीबरोबर गायलेल्या बारा गाण्यांतलं एकही वाजलं नाही. त्यातही तो मी पाठवलेला दुसरा पेन ड्राइव्ह. पहिल्यातल्या फाइली उघडत नाहीत हे तू आधीच कळवलं होतंस. तुला वाटलं, मी मुद्दाम रिकामा पाठवला. नेत्साई, तो रिकामा नव्हता.

गाणं फाइलमध्ये दाबून भरायची आणि वाजवताना परत उलगडायची एक रीत असते, तिला कोडेक म्हणतात. रीत ठाऊक नसली तर कॉम्प्युटर गप्प बसतो. तुझा पहिला निरोप आला तेव्हा मला वाटलं, हेच झालं असणार. मी दुकानात एकामागून एक चार कोडेक बसवून पाहिले. गाणी वाजली नाहीत, कॉम्प्युटर तेवढा बैलगाडीच्या चालीने चालायला लागला. मग मी फाइलच्या नावाचं शेपूट बदलून एमपीथ्री केलं आणि तुला पाठवून दिलं. हा माझा शहाणपणा. रॉकेलच्या बाटलीवर तेलाचं लेबल लावावं तसं ते होतं, आणि तेच तू चाळीस माणसांसमोर लावलंस. पाठवण्याआधी मी एकदाही वाजवून पाहिलं नाही. हे मी कबूल करतो.

खरं कारण मुउशा बाईंनी शोधलं. आपल्याला गणित शिकवायच्या त्याच. आता निवृत्त आहेत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात आणि घरी कॉम्प्युटरवर सगळ्या मंडळींची गाणी लावून ठेवतात. त्यांनी फाइल पाहिली आणि विचारलं, "टोबायस, गाणी काढताना तो कुलपाचा चौकोन रिकामा केला होतास का?"

"कुठला चौकोन?"

"शाळेतही तू उत्तर आधी लिहायचास आणि गणित नंतर."

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर सीडीतून गाणी काढताना एक चौकोन असतो. त्यात खूण असली की प्रत्येक फाइलला कुलूप लागतं आणि किल्ली त्याच कॉम्प्युटरच्या पोटात राहते. माझ्याकडे वाजत होती ती म्हणून. पुढे व्हायरस शिरला, मी सगळं पुसून नव्याने बसवलं. गाणी आधी नीट बाजूला काढून ठेवली होती. किल्ली असते हेच माहीत नव्हतं, ती पुसली गेली.

आता एकच उपाय आहे. मूळ सीडीवरून गाणी पुन्हा काढायची, तो चौकोन रिकामा ठेवून. सीडी शोधतो आहे. दुकानात पसारा फार झाला आहे.

मुलांना पापा.

तुझा मोठा भाऊ,
टोबायस


मुतारे,
मंगळवार, १८ जून २०२४

प्रिय नेत्साई,

आशीर्वाद. उत्तर आलं नाही. गोरेमुसांदू म्हणाले, तू पत्र त्यांच्यासमोरच उभ्याने वाचलंस आणि एवढंच म्हणालीस, "सीडी कुठे आहे ते विचारा."

सांगतो. त्याआधी हे ऐक की मी हात बांधून बसलो नव्हतो. आईच्या मंडळीची ती सीडी निघाली तेव्हा वीस नकला काढल्या होत्या. मंडळीतल्या बायकांपैकी ज्या हयात आहेत त्यांच्या घरी, ज्या गेल्या त्यांच्या लेकींच्या घरी, अशी तेरा घरं मी फिरलो. एकीच्या सीडीला नातवाने दात लावले आहेत. एकीकडे ती चहाच्या कपाखाली असते. तिने कप उचलून मला दाखवली, वर चहा पाजला, तोही त्याच सीडीवर ठेवून. बाकीच्यांना सीडी कुठे गेली हेच आठवेना. नुसतं कव्हर मात्र चार जणींकडे निघालं. त्यावरच्या फोटोत तू आईच्या शेजारी उभी आहेस, एकोणीस वर्षांची, तोंड वाकडं करून.

तुझी सीडी मारांगेला आहे. शेतात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ज्वारी भरली आणि पाखरांनी नुसता उच्छाद मांडला. तुला माहीत आहे, सगळेच जुन्या सीड्या दोरीला ओवून टांगतात. उन्हात त्या चमकतात, फिरतात, पाखरं बिचकतात. मी दुकानातल्या खराब सीड्यांची पिशवी नेली आणि तीस-पस्तीस टांगल्या. त्या ढिगात ती गेली. गाणी कॉम्प्युटरमध्ये आहेतच, असं तेव्हा डोक्यात होतं. नजरचूक झाली.

तुझ्या वहिनीला, माईदेईला, मी हे परवा सांगितलं. ती पातेल्यात मक्याच्या पिठाचा सदझा घोटत होती. हात न थांबवता म्हणाली, "आईची गाणी पाखरांना दिलीस. बहिणीसाठी काय उरलंय ते बघ आता."

रविवारी मारांगेला जाऊन ती आणतो. कारखान्यात बनलेली सीडी उन्हात टिकते. ही घरगुती, कॉम्प्युटरवर भरलेली, तिच्यातला रंग उन्हाने उडतो आणि रंगाबरोबर गाणी जातात. बाई म्हणाल्या, आशा धरू नकोस, पण आण.

तुझा भाऊ,
टोबायस


मुतारे,
गुरुवार, ४ जुलै २०२४

नेत्साई,

तुझी चिठ्ठी मिळाली. "दादा, त्यावर आईच्या अक्षरात माझं नाव आहे. ती तुला ढिगात ओळखू आली नाही?" एवढंच लिहिलं आहेस. चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवून तीन दिवस दुकानात बसलो.

ओळखू आली होती.

आई गेल्यावर चटया अंथरल्या आणि मामांनी तिच्या वस्तू वाटल्या, तेव्हा तू नव्हतीस. आईच्या वस्तू तिच्या माहेरच्यांच्या. त्यांनी काय कुणाला द्यायचं ते तेच ठरवणार, मुलाने बोलायचं नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मामांनी एकेक भांडं उचललं, तवे, मडकी, तिचा लाल टीपॉट, आणि सगळं आपल्या माणसांत वाटून टाकलं. मग सीडी उचलली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "ही नेत्साईची." माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोचती कर."

तीन वर्षं तिला मी अंघोळ घातली, नेत्साई. मी आणि माईदेईने. शेवटी शेवटी ती मला ओळखायचीही नाही, मला मामांच्या नावाने हाक मारायची. आणि मरायच्या आधी कधीतरी, भान असताना, तिने मार्कर शोधून एका वस्तूवर नाव लिहिलं ते तुझं. मला राग आला. तुझा आला आणि तिचाही आला. मेलेल्या आईवर रागावलेल्या माणसाला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला माहीत आहे, म्हणून मी कुणाजवळ बोललो नाही. चांगल्या मुलासारखी गाणी कॉम्प्युटरमध्ये काढून घेतली आणि सीडी तुला पाठवली नाही. आज पाठवू, उद्या पाठवू असं करत वर्ष गेलं. मग शेतात ती हातात आली. मी नाव वाचलं, दोरी ओवली आणि टांगली. नजरचूक नव्हती.

गाणी मुद्दाम बिघडवली नाहीत. त्याबाबत मी फक्त मूर्ख होतो. सीडीबाबत मूर्ख नव्हतो.

आता काय झालं ते. शेतात ज्वारीची वाळकी ताटं आणि सीड्या, दुसरं काही नाही. पाखरंही नाहीत. दुकानातल्या बहुतेक सीड्या काचेसारख्या पारदर्शक झाल्या होत्या. तुझी मुसासा झाडाच्या बाजूला टोकाची होती. दुपारनंतर तिथे सावली येते, त्यामुळे तिच्यात थोडा रंग उरला आहे. अक्षर फिकट झालं आहे, वाचता येतं. भांड्यांच्या साबणाने धुतली, मधून कडेकडे पुसली, गोल गोल नाही, बाईंनी बजावलं होतं. माझ्या दुकानातल्या मशीनने तिला सरळ बाहेर ढकललं. बाईंच्या घरचं जुनं मशीन चिवट आहे. त्याचा वेग अगदी कमी केला आणि एकेक गाणं पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. मध्येच वीज जायची की पहिल्यापासून. चार दिवस लागले. कुलपाचा चौकोन बाईंनी रिकामा केला, मी पाहिला, माईदेईला बोलावून तिलाही दाखवला. ती म्हणाली, "एवढ्याशा चौकोनासाठी वर्षभराचं भांडण?" मी तिला तेव्हा बाकीचं सांगितलं. ती गुडघा धरून खाली बसली.

बारांपैकी पाच गाणी पूर्ण निघाली. सहाव्यात टिकटिक आहे. पुढची सहा गेली, ती आता कुणाकडेच नाहीत. ती माझ्यामुळे गेली.

गाणी दोन प्रकारांत भरली आहेत, एक न दाबलेला आणि एक साधा एमपीथ्री. या वेळी चर्चच्या मशीनवर, गोरेमुसांदूंच्या बसमध्ये आणि समोरच्या न्हाव्याच्या रेडिओवर लावून पाहिली, तिन्हीकडे वाजली. लावून पाहायचं काम बाईंनी केलं. मी बाहेर उभा होतो. तुझ्याआधी ऐकावंसं वाटलं नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एकही गाणं ठेवलेलं नाही. बाई म्हणाल्या, "प्रायश्चित्त घे, पण एकच नक्कल ठेवायचा गाढवपणा परत करू नकोस." म्हणून एक नक्कल पाकिटात बंद करून मामांकडे ठेवली आहे. त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट घेतलं आणि मला जेवून जा म्हणाले.

पेन ड्राइव्हबरोबर सीडीही पाठवत आहे. दोरी तशीच ठेवली आहे, तुला पाहायची असेल म्हणून. मामांनी पोचती कर म्हटलं होतं, ती दोन वर्षांनी पोचती होते आहे. तू मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझं तू बघ.

एक मागणं आहे. बाईंनी सांगितलं, चौथं गाणं सुरू होण्याआधी आई कुणालातरी दटावते आहे, "खालचा सूर धर, वरचा माझा आहे." बाईंनी मला विचारलं, ती कोण. मी सांगितलं, माझी बहीण. आई भानावर होती तेव्हाचा तिचा आवाज मला आता आठवत नाही. शेवटच्या तीन वर्षांतलाच कानात राहिला आहे.

मला फाइल नको. कधी वाटलं तर फोनवर मला उघड, फोन कर आणि चौथं गाणं लाव. मी नुसता ऐकेन, बोलणार नाही.

तुझी वस्तू तुला पोचवायला उशीर केलेला,
दादा