दार उघडं ठेवून विचारलं

आबा, करमाडच्या दवाखान्यातून लिहितेय. तुमची मेंढरं जिथं बसायची त्या माळावर आता प्लॉट पडलेत, कंपन्यांच्या बस वळतात. पाण्याचा टँकर मात्र अजून येतोच. दुष्काळाच्या त्या साली तुम्ही घरात उरलेली जुनी कॅप्सूल फोडून तिची पूड मेंढीच्या चिघळलेल्या खुरावर टाकली होती आणि उरलेली माझ्या फुटलेल्या गुडघ्यावर. गुडघा बरा झाला, म्हणून मी बरीच वर्षं तुम्हालाच डॉक्टर समजत होते.

पुढं मीच डॉक्टर झाले. इथं रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही खोकला घेऊन आलात आणि डोस बघायला मी पुस्तक उघडलं. घरी जेवताना तुम्ही मला झापलंत, "चार मानसांत पुस्तक काय उघडती गं? डॉक्टरनं इचारायचं नसतं, सांगायचं असतं." ते मला फार लागलं. तेव्हापासून शंका आली की मी भारी अँटिबायोटिक लिहून मोकळी व्हायचे. उगाच दिलेलं औषध पुढं खऱ्या गरजेला लागू पडत नाही, हे ठाऊक असूनही.

आता दर गुरुवारी शहरातल्या एक तज्ज्ञ मॅडम व्हिडिओ कॉलवर येतात. आमच्यासारख्या लहान दवाखान्यांत कुणाला कुठलं अँटिबायोटिक चालू आहे, ते एकेक पेशंट घेऊन बघतात. मी विचारताना कुणी बघू नये म्हणून कितीतरी गुरुवार मी दाराला कडी लावून बसायचे. मागच्या गुरुवारी कडी लावायच्या आत एक म्हातारे बाबा फेटा सावरत आत आले. त्यांची बायको लघवीच्या संसर्गानं तापून दाखल झाली होती, दोन दिवसांपासून ताप उतरला होता. त्यांना बाहेर जा म्हणायला जीभ रेटेना. तेवढ्यात मॅडम स्क्रीनवरून म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये साधी गोळी चालेल असं आलंय. मग आजींना हे भारी इंजेक्शन अजून का?"

"भीती वाटते, मॅडम," मी म्हणाले. बाबांच्या समोर.

मॅडम हसल्या नाहीत. ताप, नाडी, जेवण, सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि आम्ही दोघींनी मिळून इंजेक्शन थांबवून साधी गोळी सुरू केली. बाबा माझ्याकडं बघत होते.

"तुमालाबी इचारावं लागतं व्हय, बाई?"

"व्हय, बाबा."

"मंग बरं हाय. एकीचं चुकलं तर दुसरी सांगंल."

आज त्या आजी आपल्या पायांनी घरी गेल्या. गोळ्या मधेच सोडू नका, उरवून ठेवू नका, असं मी दोघांना तीनदा बजावलं. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. आता गुरुवारी दार उघडंच ठेवणार.

हे पत्र वहीतच राहणार, आबा. म्हणून सांगते. तुमच्या शेवटच्या तापात मी एकामागून एक तीन इंजेक्शनं बदलली. कॉलेजात मला शिकवलेल्या सरांचा नंबर माझ्याकडं होता. तुम्ही खाटेवरून बघत होता, म्हणून मी विचारायला फोन केला नाही.