दादाला न्यायला कोणी नाही

४ जून
आले एकदाची! लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःचं घर. रुस्दीला पामच्या मळ्यात फवारणीचं काम मिळालं आणि मालकाने ही खोली दिली. मागची खिडकी उघडली की पामच्या सरळ रांगा. सगळ्यात मजा म्हणजे साखरेचा डबा दिवसभर उघडा राहिला, तरी एक मुंगी नाही! जांबीला आईकडे डब्याखाली पाण्याची ताटली ठेवूनही फजिती व्हायची. शेजारच्या नेनेक मुनाह, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या आजी, माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, अगं बाई, एवढा फणस घेऊन आलीस, होडी बुडाली कशी नाही?

२६ जून
इल्हाम झाला. नाक थेट रुस्दीचं.

बाळामागून पडणाऱ्या वारेला आम्ही बाळाचा दादा म्हणतो. तो बाळाबरोबर येतो, पण राहत नाही. रुस्दीने दादाला धुतलं, मीठ-चिंच लावून मडक्यात घातलं, खिडकीमागे पामखाली पुरलं आणि वर दिवा लावला. कुठे पुरलं ते ऐकून नेनेकचं हसू मावळलं. म्हणाल्या, अगं पोरी, तिथे कशाला? दादाला न्यायला खाली कोणीतरी लागतं. वाळवी, गोमा, पैसा किडे, डोळ्यांना न दिसणारी बारीकसारीक. ती त्याला थोडं थोडं करून घरी नेतात, मग बाळ मोकळं. जंगल होतं तेव्हा माती नुसती वळवळायची. जंगल जाळलं, चर खणून पाणी काढलं, वर तुझा नवरा औषध मारतो. आता खाली कोण उरलंय?

रुस्दी म्हणाला, जंगल गेल्यापासून म्हातारीचं हे असंच चालू आहे.

१२ जुलै
इल्हाम वाळत चाललाय. दूध भरपूर आहे, सुईण म्हणते पाजत राहा. पिता पिता तो मध्येच तोंड सोडतो आणि मागच्या खिडकीकडे मान वळवतो. तिथे टाकलेली पपईची सालं अजून ओली, केशरी. सडतच नाहीत. मला भीती वाटते.

१९ जुलै
मडकं उकरलं. दादा जसाच्या तसा. लालभडक. कोमट. नाळ उडत होती— इल्हामच्या छातीसारखीच— रुस्दी ढसाढसा रडला. म्हणाला, मीच मारलं गं खालचं सगळं, मीच.

२१ जुलै
रुस्दी मडकं घेऊन कालव्यापलीकडच्या जंगलात गेला. तसाच परत आला. जंगल नाही. तिथेही रोपं लावलीत.

नेनेकनी कुठूनशी करवंटीभर वाळवी आणली. जा गं बायांनो, न्या माझ्या लेकराला, असं म्हणत मडक्यात सोडली. सगळी मेली. म्हातारी रिकामी करवंटी घेऊन तिथेच बसून राहिली.

२४ जुलै
इल्हाम गेला. पिता पिता.

आजच माती द्यायला हवी, आणि जांबी लांब. नेनेक म्हणाल्या, या मातीत नको. मग कुठे? जिकडे बघावं तिकडे हीच माती. रुस्दी खणतोय. दादाचं मडकंही त्याच खड्ड्यात जाणार.

माझ्या बाळालाही न्यायला खाली कोणी नाही—

२५ जुलै
दूध थांबत नाही. खालून रडतात. दोघं. इल्हामचं रडणं मी ओळखते— भुकेचं आहे— रुस्दी दार अडवून उभा आहे. काही नाही म्हणतो. पण कान झाकलेत त्याने, म्हणजे त्यालाही— आले रे राजा. दोघांनाही घेते. रडू नकोस, आई आली—